सूनबाईंच्या नावाने आणलेली गाडी

मित्रांनो, मला सगळे जुनी गाडी म्हणतात आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही. नवी मी फक्त एकदाच होते, तेही जेमतेम महिनाभर. जुनी मात्र गेली नऊ वर्षे आहे, तेव्हा त्याच नावाची मला सवय झाली आहे.

मी लाल रंगाची, बसक्या नाकाची, छोटी गाडी आहे. माझ्यात एक गोष्ट नाही, ती आधीच सांगून टाकते, कारण पुढची सगळी भानगड तिच्यामुळेच झाली. मला क्लच नाही. इतर गाड्यांत गिअर बदलताना दर वेळी डाव्या पायाने क्लच दाबावा लागतो. मी माझे गिअर माझी मीच बदलते. माझ्याकडे आलेल्या माणसाच्या डाव्या पायाला काहीच काम नसते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एकाने दारे बसवली, दुसऱ्याने काचा, तिसऱ्याने चाके, आणि कुणीही माझ्याकडे वळून पाहिले नाही. मग सिडकोतल्या दातांच्या डॉक्टर श्रेया मॅडम मला घरी घेऊन गेल्या. त्यांनी माझे लाड केले. दर रविवारी त्या मला स्वतः धूत, आणि दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला ‘माझी चिमणी’ म्हणून दाखवत. सहा वर्षांनी त्यांनी मोठी गाडी घेतली. मी कडुनिंबाच्या झाडाखाली गेले आणि दोन पावसाळे तिथेच राहिले. टपावर निंबोळ्या साचल्या, एका चाकातली हवा गेली, मग दुसऱ्यातली. वाईट वाटले का? वाटले. पण गाडीला रडता येत नाही, नुसती बॅटरी उतरते.

तिथून मला खंडेरावांनी उचलले. पडेगावला, दौलताबादच्या रस्त्यावर, त्यांचे जुन्या गाड्यांचे दुकान आहे. खंडेरावांचे वडील मेंढ्या राखायचे. खंडेराव स्वतः वीस वर्षे ट्रकवर होते आणि आता गाड्या राखतात. सकाळी आल्यावर ते एकेका गाडीच्या बॉनेटवर थाप मारत सगळ्या रांगेतून फिरत. त्यांनी माझे टायर बदलले, बॅटरी नवी घातली आणि मला रांगेत अगदी शेवटी उभे केले. क्लच नसलेली जुनी गाडी तिकडे सहसा कुणी मागत नाही. आठ महिने मला कुणी दार उघडूनही पाहिले नाही.

एके सकाळी तीन माणसे आली. पुढे काकासाहेब, त्र्याहत्तर वर्षांचे, पांढरा सदरा, पांढरी टोपी, चाल ताठ पण जरा सावकाश. मागे त्यांच्या पत्नी आशाबाई आणि सून मोनिका. मोठ्या घरची माणसे होती. गावाकडे जमीन, शहरात उस्मानपुऱ्यात घर आणि दारात भलीमोठी जीप. ही जीप काकासाहेबांनी बावीस वर्षे चालवली होती. लग्नात, पंचायतीत, बाजारात जीप दिसली की काकासाहेब आले असे लोक समजत.

“सूनबाईला शिकायला एखादी लहान गाडी बघायची,” काकासाहेब म्हणाले. “माझ्याकडं तर जीप हायेच.”

मित्रांनो, हे खोटे होते. मला तेव्हा ते माहीत नव्हते, पण पुढे सगळे कळले, कारण गाडीत बसले की माणसे फार बोलतात आणि गाडी ऐकते आहे हे त्यांच्या गावीही नसते. खरी गोष्ट अशी होती की काकासाहेबांचा डावा गुडघा गेला होता. जीपचा क्लच दाबताना त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. हर्सूलच्या पुढे, फुलंब्रीच्या अलीकडे एका गावात त्यांची थोरली बहीण गोजरबाई राहायची. वय चौऱ्याऐंशी, डोळ्यांना फारसे दिसत नाही. दर गुरुवारी काकासाहेब जीप घेऊन तिच्याकडे जायचे, तिच्या हातची भाकरी खायचे आणि परत यायचे. आता दोन महिने ते गेले नव्हते. ‘जीप गॅरेजला लागलीय’ असे फोनवर सांगत होते.

गुडघ्याचे कुणाला सांगावे, तर मुलगा सत्यम आधीच म्हणून बसला होता, “अण्णा, पाय दुखायला लागला की सांगा. त्या दिवशी किल्ली माझ्याकडं. मी ड्रायव्हर लावून देतो.” सत्यम वाळूजच्या कंपनीत होता. शब्दाचा पक्का होता आणि त्याच्या पोटात वडिलांची काळजी होती. पण काकासाहेबांना बहिणीकडे जायला कुणाची परवानगी मागायची नव्हती. म्हणून त्यांनी सुनेला पुढे केले होते.

खंडेरावांनी ‘शिकायला’ हा शब्द पकडला आणि एक बुटकी, ठिकठिकाणी पोचे आलेली गाडी दाखवली. “शिकायला हीच बरी, काका. ठोकली तरी जीव जळत नाही. इंजन एकदम मक्खन!”

काकासाहेब आत बसून बघायला गेले. बसले, ते खालीच गेले. उठायची वेळ आली तेव्हा उठता येईना. गुडघा त्यांना साथ देईना. दोन बायामाणसांत आणि परक्यात आता काय करावे? ते वाकून पायाखालची मॅट चाचपत राहिले, जणू गाडीची सगळी किंमत त्या मॅटमध्येच होती. आशाबाई आकाशाकडे बघू लागल्या. खंडेराव म्हणाले, “नवी टाकून देतो मॅट.” मला ते बघवत नव्हते, हे मी कबूल करते.

मोनिका पुढे झाली. तिने दाराला हात लावला आणि सासऱ्यांच्या कोपराला आधार दिला, तो असा की बघणाऱ्याला ती दारच न्याहाळते आहे असे वाटावे. ते बाहेर आले. आणि ती म्हणाली, “अण्णा, ही मला लई खाली वाटती. मला उंच सीट पाहिजे.”

“उंच?” काकासाहेब म्हणाले.

“व्हय. अन् मला क्लच जमत नाय. बिनक्लचची बघू.”

मित्रांनो, ही मोनिका माहेरी ट्रॅक्टर चालवायची. ऊस भरलेली ट्रॉली तिने उलटी घेऊन फाटकातून आत घातलेली आहे. आणि ती म्हणत होती, क्लच जमत नाही. काकासाहेबांनी तिच्याकडे बघितले, मग जमिनीकडे. “आजकालच्या पोरी!” ते खंडेरावांना म्हणाले. “डावा पाय हलवायचा कंटाळा.”

असा माझा नंबर लागला. खंडेरावांनी माझे दार उघडले. मोनिका बसली, उठली, पुन्हा बसली. मग तिची प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. दार पुरते उघडते का? उठताना धरायला वर कडी आहे का? काट्यांवरचे आकडे लांबून दिसतात का? मान न वळवता मागचे दिसेल असा आरसा बसवून मिळेल का? हँडब्रेक ओढायला किती जोर लागतो?

खंडेरावांनी डोके खाजवले. “ताई, राग मानू नका. तुमचं वय तिशीचं, अन् मागताय सगळं आजीबाईसारखं!”

“मला आतापासूनच सवय लावायचीय,” मोनिका म्हणाली.

शेवटी ती म्हणाली, “अण्णा, तुम्ही एक चक्कर मारून बघा. तुमच्या पसंतीशिवाय मी घेणार नाय.” हे मात्र सुनेने म्हणावे असेच होते, त्यामुळे काकासाहेबांना नाही म्हणायची सोय उरली नाही. ते बसले. गुडघ्याला न दुखवता बसले. रस्त्यावर येईपर्यंत सगळे ठीक होते. मग बावीस वर्षांच्या सवयीने त्यांचा डावा पाय क्लच शोधायला गेला, ब्रेकवर पडला, आणि मी जागच्या जागी थांबले. मागच्या सीटवरच्या आशाबाई पुढच्या सीटवर आपटल्या. “अहो, मारता का काय!”

मोनिका शेजारी बसली होती. ती हळूच म्हणाली, “डावा पाय मागं घ्या, अण्णा. त्याला झोपू द्या. त्यानं लई काम केलंय.”

त्यांनी पाय मागे घेतला. मग दौलताबादच्या दिशेने आम्ही बरेच लांब गेलो. परत आल्यावर काकासाहेबांनी माझ्या टपावरून हात फिरवला आणि म्हणाले, “सूनबाईला बरी हाय.”

पुढचा आठवडा सूनबाईंनी बोलणी खाल्ली. शेजारणी म्हणाल्या, ट्रॅक्टर चालवणारी पोरगी अन् क्लच नको? सत्यमही हसला. मोनिका भाजी चिरत ऐकून घ्यायची. तिने गुपचूप दोन कामे मात्र उरकली. सासऱ्यांचे डोळे तपासून नवा चष्मा करून आणला, आणि रोज सकाळी ‘मला शिकवा’ म्हणत त्यांनाच माझ्या स्टिअरिंगवर बसवून रिकाम्या रस्त्यांवर फिरवले. अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही, हा नियम काकासाहेबांनी आपणहून केला.

गुरुवार आला. सत्यम कामावर गेला होता. काकासाहेब, आशाबाई, मोनिका आणि मी गोजरबाईंच्या गावी निघालो. गर्दीतून मोनिकाने मला हाकले. हर्सूलचा तलाव मागे पडल्यावर तिचे हात भरून आले, म्हणजे तसे ती म्हणाली, आणि काकासाहेब चालवायला बसले. पंचवीस मिनिटे ते राजासारखे चालवत होते. गाव दिसू लागले तसे त्यांनी मला बाजूला घेतले आणि ते खाली उतरले. “आता तू घे. गाडी तुझीय, तूच आत न्यायला पायजेल.” मोनिका परत स्टिअरिंगवर बसली. मला त्यांचा राग आला. खरेच आला.

काकासाहेबांच्या घराण्याची एक रीत आहे. घरात गाडी आली, बैलजोडी आली, शिलाईयंत्र जरी आले, तरी आधी त्याला हळदकुंकू लावायचे आणि मग ज्याच्यासाठी ते आणले त्याला पाटावर उभे करून घराण्यातल्या सगळ्यांत थोरल्या बाईने ओवाळायचे. यंत्र एकाचे आणि ओवाळणी दुसऱ्याला असे झाले, तर ते यंत्र लाभत नाही असे मानतात. अंगणात पाट मांडला गेला. गोजरबाई निरांजनाचे ताट घेऊन उभ्या राहिल्या. निम्मे गाव जमले. मोनिकाने डोक्यावर पदर घेतला आणि ती पाटावर चढली.

गोजरबाईंचा मुलगा कडुबा, म्हणजे मोनिकाचा आतेदीर, थट्टेखोर माणूस. तो माझ्यात डोकावला आणि ओरडला, “अरे, हिला तर दोनच पेडल! वहिनी, एवढं मोठं घर, अन् तुम्हाला एक क्लच दाबता येईना व्हय? उद्या म्हणाल, गाडीला ब्रेकबी नको!”

सगळे हसले. मोनिकाही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. गोजरबाईंनी ताट वर उचलले.

“अक्का, थांब,” काकासाहेब म्हणाले.



“तिची नाय ही गाडी. माझी हाय.” त्यांनी डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. “गुडघा गेलाय माझा. क्लच मला दाबवंना. जीप काय गॅरेजला नव्हती, दारातच उभी व्हती. मी खोटं बोललो. अन् ही पोरगी माझ्यापायी आठ दिवस लोकांचं ऐकून घ्यायलीय.” मग ते मोनिकाला म्हणाले, “उतर, बाई. माझ्या नावाचं माझं मला घेऊ दे.”

मोनिका उतरली. तिने पदराने डोळे पुसले. आशाबाईंनी तिला जवळ घेतले. कडुबा म्हणाला, “मामा, चुकलं माझं,” आणि माझ्या मागे जाऊन उभा राहिला.

काकासाहेब पाटावर चढले. गोजरबाईंनी चाचपत त्यांच्या कपाळाला कुंकू लावले. “काकासाहेबा,” त्या म्हणाल्या, “जीप दोन महिने गॅरेजला राहती व्हय रे? मला काय कळत नाय? मला वाटलं, तुला माझ्याकडं यायचाच कंटाळा आला. रोज तेच मनात यायचं. गुडघ्याचं सांगितलं असतंस, तर एवढं तरी वाटलं नसतं.”

 काकासाहेबांनी वाकून बहिणीच्या पायांवर डोके ठेवले. वाकताना गुडघा दुखला असणारच.

परतीला संपूर्ण गावादेखत त्यांनीच मला बाहेर काढले आणि थेट उस्मानपुऱ्याच्या दारापर्यंत आणले. बातमी आमच्या आधी सत्यमपर्यंत पोचली होती. तो दारात उभा होता. काकासाहेबांनी किल्ली काढून त्याच्यापुढे धरली. सत्यमने ती घेतली नाही. तो शेजारच्या सीटवर येऊन बसला आणि म्हणाला, “चला अण्णा, एक चक्कर दाखवा.” चकरेत तो एवढेच बोलला, “आरसा जरा खाली घ्या.”

आता दर गुरुवारी मी हर्सूलच्या रस्त्याने जाते. जीप गावाकडे कामाला लागली. मी काही फार देखणी नाही, आणि माझ्या डाव्या दरवाज्याला कडुनिंबाच्या दिवसांतला गंज अजून आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी कधी एखाद्या थोरल्या माणसासाठी माझ्यासारखी गाडी बघायला जाल. तेव्हा इंजिन बघा, टायर बघा, पण आधी त्या माणसाला सीटवर बसवा आणि उठताना त्याच्या तोंडाकडे बघा. माझ्या चाकांतली हवाही महिन्यातून एकदा तपासा, कारण ती कमी झाली तरी मला सांगता येत नाही. थोरल्या माणसांना सांगता येते, पण ती सांगत नाहीत. आधी त्यांना विचारा. माझ्याकडे नंतर या, मी थांबेन.