वाळूतली बशी

लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर आमच्या घरात सवत आली, आणि तिला पिशवीत घालून, छातीशी धरून हेच घेऊन आले. हे म्हणजे माझा नवरा, जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. निवृत्तीनंतर लोक गुडघ्यांना तेल चोळत बसतात. यांनी हॉलमधला टीव्ही हलवला आणि तिथे खाऱ्या पाण्याची भलीमोठी काचेची टाकी बसवली. सवत म्हणजे त्या टाकीतलं एक प्रवाळ. गोल, चपटं, केशरी अंगाचं आणि जांभळ्या काठाचं. मी तिला बशी म्हणायचे. मग हेही म्हणू लागले.

ती दगड नाही, जिवंत प्राणी आहे, हे मला शंभरदा ऐकवून झालं होतं. बाकीची प्रवाळं खडकाला चिकटून बसतात. ही मोकळीच वाळूवर पडून असते, पाणी भरून उशीसारखी फुगते आणि कुणाच्या लक्षात न येता सरकते. आठवड्यातून दोनदा तिच्या मधल्या फटीसारख्या तोंडावर कोळंबीचा बारीक तुकडा ठेवायचा आणि वर गाळणी उपडी घालायची, नाहीतर टाकीतले खेकडे घास पळवतात. माझी चहाची चांगली गाळणी त्यात गेली. त्यावरून मी दोन दिवस अबोला धरला होता, तो यांना चौथ्या दिवशी कळला.

मग यांच्या रक्तात दोष निघाला. औषधांनी अंगात काही त्राणच ठेवलं नाही. साधी सर्दीही बाधेल म्हणून यांना हॉस्पिटलच्या बंद खोलीत ठेवलं आणि भेटायला मनाई केली. रोज सकाळी अकराला व्हिडिओ कॉल, तेवढाच काय तो सहवास. जाताना यांनी मला सांगितलं होतं: टाकीतलं पाणी उडून कमी झालं की वरून गोडं पाणी घाल, मिठाचं नको, गाळणी विसरू नकोस, आणि बशी वाळूतच राहू दे. मी वहीत लिहून घेतलं. यांनी बरं होऊन घरी यावं, आणि आल्यावर सगळं जिथल्या तिथे असावं, एवढंच मला हवं होतं.

डोळ्यांत तेल घालून केलं सगळं. पण फोनवर यांना बशी नीट दिसेना. टाकीचा तळ अंधारा. तक्रार करण्याचा यांचा स्वभाव नाही, नुसते डोळे बारीक करून बघत राहायचे, आणि ते मला बघवायचं नाही. एकदा अकराच्या आधी मी टाकीत हात घातला आणि तिला उचलून वरच्या खडकावर, दिव्याखाली ठेवलं. फोन इतका जवळ धरला की फक्त तीच दिसावी. "आज काय सुंदर दिसतेय," म्हणाले. कितीतरी दिवसांनी हसले. फोन झाल्यावर मी विचार केला, उद्या परत कुठे उचलत बसू, आजचा दिवस राहू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली पडली होती. फुगली असणार आणि घसरली असणार. एका बाजूचं अंग खडकाच्या टोकावर फाटून आतलं पांढरं दिसत होतं. मी तिला वाळूत ठेवलं, पाणी बदललं, हात जोडले. पाच दिवसांत ती तपकिरी, बुळबुळीत होत गेली आणि सहाव्या दिवशी वास आला. मी टाकीसमोर बसून खूप रडले. मग तिचा दगडासारखा उरलेला सांगाडा बाहेर काढला, ब्लीचमध्ये बुडवला, ब्रशनं घासला आणि खिडकीत वाळत ठेवला. हे आले की कबूल करायचं आणि निदान तो तरी स्वच्छ यांच्या हातात द्यायचा, असं ठरवलं.

ती पडल्यापासून मी यांना फोनचा कॅमेरा बिघडल्याचं सांगत होते, आता ती वाळूत होती तेव्हाचा एकच जुना व्हिडिओ रोज पाठवू लागले. तीन दिवस खपला. चौथ्या दिवशी यांनी विचारलं, "काचेवरची गोगलगाय तीन दिवस एकाच जागी आहे गं. ती गेली की बशी गेली?"

मला खोटं सुचलंच नाही. खडकाचंसुद्धा सगळं सांगून टाकलं. आयुष्यभर मीच ओरडत आले होते. एकदा तरी यांनी ओरडावं, असं मलाच वाटत होतं.

"मला दिसावी म्हणून ठेवलीस ना?" एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "सांगाडा टाकू नकोस. घासू नकोस, धुऊ नकोस, तसाच वाळूत राहू दे. कुठेतरी जिवंत ठिपका उरलेला असतो. महिन्या-दोन महिन्यांनी कधीकधी त्यावर पिल्लं फुटतात."

खिडकीत तो वाळत होता, पांढराशुभ्र.

"वाळूतच आहे," मी म्हणाले.

त्यानंतर रोज विचारायचे, फुटलं का काही. मी रोज नाही म्हणायचे. पाच आठवडे गेले. यांचा आवाज बारीक होत गेला, फोन हातात धरवेना, मग नर्स नुसता कानाशी लावून द्यायची. औषधं लागू पडत नाहीयेत, आता त्यांच्या मनाच्या उभारीवर आहे, असं डॉक्टरांनी मला सांगितलं. मी मनाशी म्हटलं, घराची ओढ लागेल असं काहीतरी यांना द्यायला हवं.

"फुटलीत," मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. "तीन आहेत. टाचणीच्या डोक्याएवढी."

 यांनी विचारलं, "केशरी?"

"केशरी. तुम्ही लवकर या. त्यांना भरवणं मला नाही जमायचं."

"जमेल," म्हणाले. "मेलेल्यातून तीन उभी केलीस तू. आता मला कसली काळजी नाही."

त्या दिवशी मी पोटभर जेवले.

दोन दिवसांनी नर्सचा फोन आला. शांत गेले, म्हणाली. घरी कधी सोडणार, असं ते डॉक्टरांना रोज सकाळी विचारायचे. पिल्लांची बातमी ऐकल्यावर मात्र एकदाही विचारलं नाही, इतकं त्यांना समाधान वाटलं होतं. हे तिनं मला बरं वाटावं म्हणून सांगितलं.

खरं होतं तेच बोलायला हवं होतं मी. काही उरलेलं नाही, मला एकटीला काही जमत नाही, तुम्ही या.