आडवा चमचा

मी चहा बोलतोय. थांबा, लगेच पेला पुढे करू नका! झोप उडवणारा तो चहा मी नव्हे. कारखान्यात माझ्यातलं कॅफीन काढून घेतलं, आणि त्याच्याबरोबर माझा वासही गेला. तेव्हापासून मला चैन नाही.

माझा मळा कुठला, मला आठवतही नाही. पुड्यात बसून आलो तो थेट रिझे या तुर्की गावाच्या डोंगरावर, रुस्तेमआजोबांच्या घरी. साठ वर्षं स्वतःच्या उतारावरची चहाची पानं खुडलेला माणूस! छातीत धडधड व्हायला लागली, डॉक्टरांनी नेहमीचा चहा बंद केला, म्हणून नाझमियेआजींनी मला आणलं.

त्यांनी मला घरच्या रीतीप्रमाणे, एकावर एक बसणाऱ्या दोन किटल्यांपैकी वरच्या किटलीत घातलं आणि खालच्या किटलीच्या वाफेवर चांगली वीस मिनिटं ठेवलं. रंग आला, बाकी शून्य. आजोबांनी एक घोट घेतला आणि चमचा पेल्यावर आडवा ठेवला. आमच्याकडे चमचा आडवा म्हणजे पुरे, आता नको. तेही पहिल्याच पेल्याला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हे गरम पाणी तूच पी," म्हणत आजोबांनी टोपी चढवली.

"चहाखान्यात निघालात ना? जा! आणि छाती धरून परत या!" आजींचा आवाज चढला होता, पण डोळे भरले होते.

रोज हेच. एकदा तर ते खरंच छाती धरून पायरीवर बसले. मला जरा चव असती, तर ते कशाला बाहेर गेले असते?

मग एका दुपारी आजी हामसी मासे तळत होत्या आणि माझ्या डब्याचं झाकण उघडंच राहिलं. संध्याकाळी आजोबांनी घोट घेतला आणि थू थू केलं.

"अगं, हा चहा आहे की कालवण?"

आजी वरमल्या. मग डब्यात नाक खुपसून कितीतरी वेळ बसल्या. "अहो, याला मासा चिकटतो, तर दुसरं काही का नाही चिकटणार?"

शेवटची तोडणी चालू होती. आजींनी आपल्या उतारावरची कोवळी पानं चादरीवर कोमेजायला पसरली. डब्यातला मासळलेला मी गेलो उकिरड्यावर. पुड्यात उरलेल्या मला पातळ फडक्यात बांधून पानांच्या मधोमध ठेवलं. दिवसभर मी तळमळत पडलो होतो. पानांचा वास सुटत होता आणि मी अधाशासारखा ओढून घेत होतो.

दुसऱ्या सकाळी आजींनी मला वाफेवर आधी कोरडंच शेकलं, मग पाणी घालून पाचच मिनिटं मुरवलं.

आजोबांनी पेला नाकाशी नेला. घोट घेतला. मग चमचा उचलला. माझा जीव टांगणीला लागला! आजींनी तोंड फिरवलं.

आजोबांनी चमचा खिशात टाकला. "हं, भर अजून."

टोपी आता खुंटीवरच असते. पण मला अजूनही स्वस्थता नाही. आत्ताच बघा, कढई चढलीय, तेल तापलंय, मासे पिठात घोळून तयार आहेत... आजी! अहो आजी, माझं झाकण!