माझ्या अंगावरची कोरी जागा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे, डोंगरातल्या एका अवखळ नदीचा. घड्या पडून पडून मी फाटत आलो आहे, पाठीला कापडाचे ठिगळ आहे, पण ताठा अजून गेलेला नाही.

मला घडवले एका मोजणीदाराने. खांद्यावर मोजणीची तिपाई घेऊन त्याने तीन उन्हाळे डोंगर पालथे घातले. काय चिवट माणूस! जिथे स्वतःचा पाय लागला नाही ते कागदावर काढायचे नाही, हा त्याचा हट्ट. नदीच्या एका अरुंद घळीतून मात्र त्याला पलीकडे जाता आले नाही. तेवढी टीचभर जागा त्याने कोरी सोडली आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिले, ‘चार वेळा परत फिरलो.’

“अंदाजाने ओढा की दोन रेषा! कोण बघायला जातंय?” कचेरीतले साहेब म्हणाले.

“जाईल ना कुणीतरी, साहेब. त्याच्यासाठीच तर काढतोय.”

लोक त्या जागेला हसायचे. मलाही तिची लाज वाटायची. पुढे नवे नकाशे आले आणि मी मोजणीदाराच्या घरी कपाटावर धूळ खात पडलो.

मोजणीदाराची लेक मोठी होऊन बचाव पथकाची प्रमुख झाली. एके सकाळी निरोप आला, घळीपलीकडे एक बाई पाय मोडून अडकली आहे. रात्रीची थंडी पडण्याआधी तिला गाठणे भाग होते. फोनमधला नकाशा घळीतून सरळ वाट दाखवत होता. लेकीने मला टेबलावर पसरले.

“ताई, घळीतून दोन तास. खिंडीवरून पाच लागतील,” जोडीदार घाईने म्हणाला.

तिने कोऱ्या जागेवर बोट ठेवले. “बाबा चारदा परत फिरले, म्हणजे तिथे वाट नाही. खिंडीवरूनच जायचं.”

खिंडीतून सगळ्यांनी खाली वाकून पाहिले. घळीच्या मधोमध नदी सरळ खाली कोसळत होती. पाय ठेवायला कुठे बोटभर जागा नव्हती.

दिवस मावळायच्या आत ती बाई सुखरूप खाली आली. जोडीदाराने पेन काढले. “ताई, आता धबधबा दिसला. भरून टाकू ही जागा?”

“लांबून दिसला. पाय लागला का तुझा?”

त्याने पेन परत खिशात ठेवले.

मित्रांनो, मला ओल्या हाताने धरू नका, जुन्या घडीवरच घडी घाला. आणि ती जागा तशीच राहू द्या. माझ्या मोजणीदाराने मला दिलेली सगळ्यात खरी गोष्ट तीच आहे.