बाबूलालला चीत करणारा

एकोडीच्या धनीराम पहिलवानांनी आयुष्यात कुस्त्या बऱ्याच केल्या, पण लोकांच्या लक्षात राहिली ती एकच. खरं सांगायचं तर त्यांच्याही लक्षात तेवढीच होती. आमगावकडच्या बाबूलालला त्यांनी गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, चीत केलं होतं. बाबूलाल म्हणजे त्या काळचं मोठं प्रस्थ. दिवाळी झाली, लवकर येणारं हलकं धान कापून झालं, गावोगावी मंडया भरायला लागल्या की लोक आधी विचारायचे, कुस्त्यांच्या दंगलीला बाबूलाल येणार का? त्या बाबूलालला मिसरूड फुटलेल्या एका पोरानं आस्मान दाखवलं आणि त्या दिवसापासून ते पोर जे पहिलवान झालं, ते कायमचं. धानाची शेती भावानं सांभाळली. सासऱ्यानं त्याच कुस्तीवर भाळून शकुंतला दिली. धनीरामांनी मिशी राखली, फेटा बांधला आणि उरलेलं आयुष्य ती कुस्ती सांगण्यात घालवलं.

"अख्ख्या जिल्ह्यात त्याले कोणी पाडला नव्हता," ते सुरुवात करायचे. "जुन्या जिल्ह्यात जी! तवा गोंदिया आपल्यातच होता." जिल्हा फुटला, बाबूलालचं गाव तिकडे गेलं, कचेऱ्या वेगळ्या झाल्या, पण धनीरामांनी आपल्या कुस्तीचा जिल्हा काही फुटू दिला नाही.

मग ते उठून उभे राहायचे, कारण पुढचं बसून सांगता येत नसे. "मी धोबीपछाड माराले फिरलो, आन् मागून त्याचा हात माझ्या लंगोटाले पडला. हात कायचा, लोखंडाचा चिमटा! वाटलं, आता उचलते आन् आपटते. पण मी दम सोडलो नाही. तसाच जोर लावलो, आन् बाबूलाल माझ्या पाठीवरून पलीकडे!"

आणि शेवट हलक्या आवाजात. चीत झालेला बाबूलाल उठून बसला, आखाड्यातली चिमूटभर माती त्यानं कपाळाला लावली, डोळे पुसले आणि साऱ्या गावाच्या देखत म्हणाला, "पहिलवान, बहुत मैदानं पाहिलो. तुझ्यासारखा गडी नाही भेटला." इथं धनीरामांचे डोळे दर वेळी भरून यायचे. त्यात काही खोटं नव्हतं. त्या एका वाक्यावर माणूस जगला होता.

"एका कुस्तीवर किती साल जेवाल?" शकुंतलाबाई ताट वाढताना विचारायच्या. धनीराम रागावून उठायचे आणि चावडीवर जाऊन दुसऱ्या कुणाला तरी तीच कुस्ती सांगायचे.

वय झालं तसे ते पंच झाले, आणि पंच म्हणून तर फारच कडक. नूरा कुस्ती म्हणजे आधी आपसात ठरवून, लोकांना रिझवण्यासाठी केलेली खोटी झोंबाझोंबी. ती आपण सलामीलाच ओळखतो, असा त्यांचा दावा होता. "कुस्ती म्हणजे डाव आन् ताकद," ते म्हणायचे. "तमाशा पाहाचा असन तं रातच्याले दंडारीचा खेळ आहेच." कुणी म्हटलं, पण लोक खूश होतात ना पहिलवान, तर ते असं तोंड करायचे की समोरच्यानं घास टाकून द्यावा. त्यांनी शिट्टी मारून आखाड्याबाहेर काढलेल्या पोरांची आजूबाजूच्या गावांत कमतरता नव्हती. त्यातली खोटी किती आणि नुसतीच कच्ची किती, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

त्या वर्षी आसगावच्या मंडईत ते दरसालाप्रमाणे पंच होते. सकाळीच त्यांनी दोन पोरांना हाकललं. दोघं घामानं निथळत होते, एकमेकांच्या माना धरून नुसते गोल फिरत होते. "नूरा!" धनीरामांनी शिट्टी मारली. एक पोरगा आईची शपथ घेऊन सांगत होता की मले याच्यावर डावच लागून नाही राहिला. लोक हसले. पोरगा रडत गेला. धनीराम समाधानानं येऊन खुर्चीत बसले आणि शिंगाडा सोलायला लागले.

शेजारच्या खुर्चीवर दुसरे पंच होते, आंधळगावचे तुलारामजी. घरी हातमागांचा धंदा, अंगानं अजून भरलेले. दोघांची ओळख त्याच दिवशीची. लहान मुलांच्या कुस्त्या चालू होत्या, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तुलारामजी म्हणाले, "आमच्या जवानीत असे गडी नव्हते जी. मी तं बाबूलालले पाडलो होतो."

धनीरामांच्या हातातला शिंगाडा तसाच राहिला. "कोणता बाबूलाल?"

"आमगाववाला. आंधळगावच्या मंडईत. पट काढलो आन् चीत!" तुलारामजींनी मांडीवर थाप मारली. "पण माणूस मोठा. माती लावली कपाळाले, रडला, आन् सगळ्यायसमोर म्हणाला, बहुत मैदानं पाहिलो पहिलवान, तुझ्यासारखा गडी नाही भेटला."

धनीरामांना पहिल्यांदा राग आला. आपलं वाक्य चोरलं या माणसानं! कुठंतरी ऐकलं असेल आणि लावलं स्वतःला. पण तुलारामजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पाणी धनीराम चांगलं ओळखत होते. आपली कुस्ती सांगताना आपल्याही डोळ्यांत ते असंच यायचं. त्यांनी मग स्वतःची समजूत घातली. असेल, याच्याशी नूरा खेळला असेल बाबूलाल. विणकराचं पोर, काय पाडणार त्याला! पहिल्यांदा खरं कुणाला म्हणाला असेल तर ते मलाच. एवढं ठरवूनही घशाखाली शिंगाडा उतरेना.

शेवटची कुस्ती लागली. आसगावचा अंकुश आणि बाहेरून आलेला कैलाश. अंकुश गावाचा लाडका, मान बैलासारखी, डाव बेताचे. कैलाश सडपातळ, चपळ. आणि काय कुस्ती झाली ती! कैलाशनं अंकुशला दोनदा असा उचलला की बायकांनी डोळे झाकले. दोन्ही वेळा अंकुश मांजरासारखा पोटावर पडून वाचला. मग कैलाश खाली सापडला, सुटला, पुन्हा सापडला. लोक खुर्च्यांवर चढले. मोबाइल वर धरलेल्या हातांचं रान उगवलं. धनीराम सकाळपासूनचं सगळं विसरले. आपण पंच आहोत हेही विसरले. "पाहा तुलारामजी," ते ओरडले, "याले म्हणते कुस्ती!" तेवढ्यात अंकुशनं ढाक मारली, कैलाश हवेत फिरला आणि दोन्ही खांदे टेकून मातीत पडला. गावानं आभाळ डोक्यावर घेतलं. धनीरामांनी धावत जाऊन अंकुशचा हात वर केला.

तेव्हा कैलाश उठून बसला. त्यानं चिमूटभर माती कपाळाला लावली. डोळे पुसले. म्हणाला, "पहिलवान, बहुत मैदानं पाहिलो. तुझ्यासारखा गडी नाही भेटला."

धनीरामांच्या हातात अंकुशचा हात होता. तो त्यांनी खाली घेतला नाही, वरही धरवेना. नूरा. इतकी वर्षं सलामीलाच ओळखणाऱ्या पंचाच्या नाकासमोर अथपासून इतिपर्यंत नूरा झाली होती, आणि तो वाहवा करत होता. शिट्टी गळ्यातच होती. अंकुशचा चेहरा फुलून आला होता. लग्नाच्या वरातीत पोरं अशी दिसतात. त्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना शिट्टी वाजवणं जमलं नाही. तुलारामजी खुर्चीत मान खाली घालून बसले होते. ते एकदाही वर बघेनात.

मांडवामागे बोरिंगच्या हातपंपावर कैलाश अंगाची माती धूत होता. धनीराम तिथं जाऊन उभे राहिले.

"कोणाचा चेला तू?"

"बाबूलाल उस्तादाचा जी."

"आहे का तो?"

"गेले जी. मागच्या उन्हाळ्यात."

म्हणजे विचारायचं कुणाला, तो रस्ताही बंद झाला होता. धनीराम एक पाऊल पुढे आले. मग म्हणाले, "नूरा होती."

कैलाशनं वर पाहिलं. घाबरला नाही, हसला. "तुमाले कळली का?"

"कळली," धनीराम खोटं बोलले.

"मंग त्याचा हात काहून उचलले?"

"लोक खूश झाले ना," धनीराम म्हणाले, आणि हे वाक्य आपल्या तोंडून निघालं याची त्यांना शिसारी आली.

कैलाशला मात्र आपला माणूस भेटल्यासारखं वाटलं. "तेच तं आहे जी! गावाचा गडी जिंकला का गाव खूश, पुढच्या साली परत बोलावते. उस्ताद सारी उमर हेच करत आले. पण असे हारत, का जिंकणाऱ्यालेबी कळत नसे."

धनीरामांनी बोरिंगचा दांडा धरला. "साऱ्याच अशा? एखादी... एखादी खरी नाही हारले?"

"खरी तं नाही." कैलाश विचार करत होता. "पण एक कुस्ती भलती कठीण होती म्हणत. एकोडीची."

धनीरामांचा जीव उडी मारून वर आला. "कठीण? गडी मजबूत होता?"

"नाही जी!" कैलाश हसायलाच लागला. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. आपल्या धंद्यातल्या फजितीला माणूस हसतो तसं ते होतं. "तो गडी धोबीपछाड माराले फिरला, तं त्याचाच पाय सरकला. डाव मारणाराच तोंडावर आपटणार होता! साऱ्या गावासमोर काय झालं असतं? मंग उस्तादानं मागून त्याचा लंगोट धरला, त्याले उभं ठेवलं, आन् सोताच त्याच्या पाठीवरून उडी मारली. आमाले नेहमी सांगत. मजबूत गड्याच्या हातून पडनं सोपं आहे, ज्याले डाव येत नाही त्याच्या हातून पडून दाखवा, तं मानीन. आन् म्हणत, तुझ्यासारखा गडी नाही भेटला, हे सारीकडे खोटं बोललो, एकोडीत मातर खरं बोललो."

धनीराम दांडा धरून उभे होते. पाणी थांबलं होतं.

"नाव सांगे का तो? त्या गड्याचं?"

"कधीच नाही जी. नाव घेतलं तं त्याची कुस्ती जाते, म्हणत. राहू द्या बापड्याले खूश." कैलाशनं बादलीतून लोटा भरून घेतला. "तुमी कुठचे जी?"

उत्तर भोंग्यानं दिलं. मंडई कमिटीचे सेवकराम माइकवरून ओरडत होते, "आता आपल्यासमोर येऊन राहिले एकोडीचे धनीराम पहिलवान! ज्यायनं बाबूलालले चीत केलं! दरसालाप्रमाणे ते आपल्याले ती कुस्ती सांगतीन!"

कैलाशच्या हातातला लोटा कलंडला. तो काहीतरी बोलायला गेला, पण धनीराम वळून चालायला लागले होते.

जायचं नाही असं त्यांच्या मनात होतं. पण पाय सवयीनं आखाड्याकडे गेले आणि लोकांनी वाट करून दिली. माइक हातात आला. अख्ख्या जिल्ह्यात, जुन्या जिल्ह्यात जी. लोक हसले, दरसालच हसायचे. गोष्ट आपली आपणच चालत होती. धनीराम तिच्या मागून फरफटत होते. "मी धोबीपछाड माराले फिरलो," ते म्हणाले, "आन् मागून त्याचा हात माझ्या लंगोटाले पडला."

आणि ते थांबले.

कमरेला तो हात लागला होता. इतक्या वर्षांत त्यांनी तो हजारदा सांगितला होता, पण आठवला असा आजच. तो हात खाली खेचत नव्हता. वर धरत होता. डावा पाय ओल्या मातीत सरकला होता, समोर जमीन आली होती. हे सगळं शरीराला त्या दिवसापासून माहीत होतं. फक्त तोंडाला माहीत नव्हतं.

लोक वाट पाहत होते. कुणीतरी खोकलं. मागून एक पोरगा हसला, बहुतेक सकाळचाच. सेवकराम जवळ येऊन कुजबुजले, "पुढे जी, पुढे." धनीरामांनी माइक दुसऱ्या हातात घेतला. खरं सांगून टाकावं, असं एकदा ओठांवर आलं. मग समोर बसलेला अंकुश दिसला, गळ्यात हार, तोंड उघडं. मागे खुर्चीत तुलारामजी दिसले. आणि घरी वाढलेलं ताट दिसलं. आता आपण सर्वांसमोर पडतो आहोत, हे त्यांना स्वच्छ कळलं.

तेवढ्यात आखाड्याच्या कडेवरून आवाज आला. कैलाश ओल्या केसांनी उभा होता. "सांगा ना जी!" तो ओरडला. "उस्ताद खुद सांगत, असा पक्का लंगोट धरलो, तरी एकोडीचा गडी सुटला! मी त्यायचाच चेला आहो! मले माहीत आहे!"

गावानं नुसता कल्लोळ केला. शिट्ट्या झाल्या, सेवकरामांनी हार घातला, हलगी वाजली. धनीरामांनी कैलाशकडे पाहिलं. पोरानं हात जोडले होते आणि त्याचे डोळे भरले होते. ते खरे भरले होते की उस्तादानं शिकवले तसे, हे ओळखणं आता धनीरामांच्या हातचं राहिलं नव्हतं.

ते उभे राहिले, ताठ, जसे त्या दिवशी राहिले होते. "मी दम सोडलो नाही," ते माइकमध्ये म्हणाले. "तसाच जोर लावलो. आन् बाबूलाल माझ्या पाठीवरून पलीकडे."

शेवटचं वाक्य त्यांना बोलवेना. त्याची गरजही पडली नाही. आसगावच्या लोकांना ते पाठ होतं. त्यांनीच ते एका सुरात म्हणून टाकलं.