आवाज बंद ठेवून केलेली पारख

मी ताईच्या संगणकातला वाचणारा आवाज बोलतेय. तिच्या कानात पहिल्यांदा शिरले, तेव्हाच मी वसा घेतला होता: पडद्यावर असेल तेवढंच वाचायचं. पदरचं घालायचं नाही, असलेलं गाळायचं नाही. उतायचं नाही, मातायचं नाही.

ताईला दिसत नाही. दवाखान्यात फोन घेऊन पेशंटना डॉक्टरांची वेळ द्यायची, हे तिचं काम. मी इतकी भराभर वाचायचे, की इतरांना वाटे डब्यात माशी अडकलीय. ताईला मात्र शब्द न् शब्द कळे. माझं वाक्य संपायच्या आत तिचं उत्तर तयार. या कामावर तिचा फार जीव.

शेजारच्या टेबलावर तिची मैत्रीण. डबा एकत्र, कुरकुरही एकत्र. वेळा नोंदवायचा नवा प्रोग्राम येणार म्हटल्यावर ताई साहेबांना म्हणाली, "मला आधी चालवून बघू द्या."

मैत्रीणच मध्ये पडली. "आणि तुझे फोन कोण घेणार? मी बघते ना तुझ्यासाठी."

तिनं बघितलं. नुसतं बघितलंच हो! कटकट नको म्हणून माझा आवाज आधीच बंद केला होता. रंगीत चित्रांची बटणं पाहून हरखली आणि साहेबांना सांगून मोकळी झाली, "तिला चालतंय."

नवा प्रोग्राम सुरू झाला त्या सकाळी मी वाचू लागले, "बटण. बटण. बटण." बनवणाऱ्यानं चित्रांना मला वाचता येतील अशी नावंच दिली नव्हती. नसलेलं नाव मी कुठून आणू?

फोन वाजतच होता. ताईनं देवाचं नाव घेऊन एक बटण दाबलं. नेमकी एका आजोबांची वेळ रद्द झाली. तपासणीसाठी उपाशीपोटी आलेले आजोबा तसेच परत फिरले.

साहेब तावातावानं आले. "चालतंय म्हणाला होतात ना?"

"मी? कोणी सांगितलं तुम्हाला?"

मैत्रिणीची खुर्ची तेवढी करकरली.

ताईला फोनवरून उठवून दाराशी बसवलं. आल्यागेल्याला 'बसा' म्हणायचं, एवढंच काम. माझ्या टेबलावर मैत्रीण आली.

एका दुपारी ताई तिच्यापाशी येऊन म्हणाली, "हेडफोन घाल, डोळे मीट आणि एका पेशंटला वेळ देऊन दाखव."

"काहीतरीच तुझं!" म्हणत तिनं घातला. मी वाचलं, होतं तेवढंच. तिची बोटं कळांवर थिजली.

"अगं बाई, यात तर काहीच कळत नाही."

"हेच साहेबांना सांग. बाकी काही नको मला."

"सांगते गं."

अजून सांगितलेलं नाही. माझा आवाज मात्र त्याच दुपारी पुन्हा बंद केला. आता मी मुक्यानंच वाचते, आणि ताईचं 'बसा, बसा' ऐकते. तिची मैत्रीण वाईट नाही, आज ना उद्या बोलेल, अशी माझी भाबडी आशा आहे.

तुम्ही एवढं ऐकलंत, तर एक नेम तुम्हीही धरा. दुसऱ्यासाठी काही पारखायला घेतलंत, तर आधी ते त्याच्या हातात द्या. आणि 'चालतंय' हे त्याच्याच तोंडून ऐकल्याशिवाय पुढे कुणाला सांगू नका.