मजुरीची पट्टी

"अगं, जरा सरक की, दिसत नाहीये मला," डागमावशीने शेजारणीला कोपराने ढोसलं.

कँटीनची टेबलं भिंतीला लावून सगळ्या बायकांना उभं केलं होतं. समोर पडद्याजवळ मावशीची लेक उभी होती. ती याच कारखान्यात हिशेबाच्या खात्यात होती. तिला चारचौघांत बोलताना मावशी आज पहिल्यांदाच बघत होती.

"माझी आहे," ती शेजारणीला म्हणाली, जसं काही शेजारणीला ठाऊकच नव्हतं.

सर्किटवर सुटे भाग शिशाचा डाग देऊन पक्के करायचे, हे तिचं काम. म्हणून ती डागमावशी. ती लागली तेव्हा इथे रेडिओ बनायचे आणि एकेक रेडिओ चाळीसजणींच्या हातांखालून जायचा. पुढे टीव्ही आले, यंत्रं आली आणि यंत्राला जमत नव्हते तेवढेच डाग बायकांकडे उरले. नवरा गेल्यावर त्या डागांवरच तिने लेकीला शिकवलं होतं.

पडद्यावर आलेखाचे दोन रंगीत खांब उमटले.

"हा जुना रेडिओ," लेक म्हणाली. "लाल भाग म्हणजे मजुरी. खर्चाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. आणि हा आजचा टीव्ही."

दुसऱ्या खांबात लाल रंग शोधावा लागला. तळाशी केसाएवढी रेघ होती आणि तिच्यावर चांगली जाड पिवळी पट्टी.

"ते पिवळं काय गं?" मावशीने मोठ्याने विचारलं.

लेक अडखळली. "पॅकिंग. खोकं आणि थर्माकोल."

"अगंबाई! म्हणजे आम्ही खोक्यापेक्षा स्वस्त!" बायका खो-खो हसल्या, मावशीही हसली. "बरंच झालं. एवढ्याशा रेघेसाठी आम्हाला कोण काढतंय?"

एकटी लेक हसली नाही. तिने मान खाली घातली आणि साहेब पुढे आले.

"डागांचं काम आता दुसऱ्या देशात जाईल. तिथे ही रेघ निम्मी होते. आपला विभाग या महिनाअखेरीस बंद."

मावशीच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं; ते आवरायचं तिला सुचलंच नाही.

"निम्मी?" ती पुटपुटली. "त्या रेघेची निम्मी?"

सुटी झाल्यावर लेक फाटकाशी स्कूटर घेऊन उभी होती.

"कधीपासून ठाऊक होतं तुला?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि रोज माझ्या समोर बसून जेवत होतीस?"

"बोलले असते तर माझीही नोकरी गेली असती, आई. दोघींतल्या एकीची तरी राहायला हवी ना?" लेक स्कूटरचा आरसा पुसू लागली. "मी म्हटलं होतं साहेबांना, दुसऱ्या कुणाला तरी उभं करा. ते म्हणाले, हिशेब तुझा आहे."

मावशीने फाटकाचा गज धरला.

"तू केलास तो?"

लेकीने मान डोलावली.

बराच वेळ बायका त्यांना वळसा घालून जात राहिल्या. कुणी थांबलं नाही.

"नीट तपासला होतास?"

"कितीदा तरी. कुठेतरी चुकला असेल म्हणून."

मावशीने पदर खोचला आणि ती मागे बसली. एरवी लेकीच्या खांद्यावर असणारा हात तिने आज सीटमागच्या दांडीला धरला.

लेकीने आरशातून पाहिलं. "आई, नीट धरलंयस ना?"

"धरलंय. चल तू."