फुलावरचं क्लोव्हर

पाचगणीच्या खालच्या अंगाला आमचं स्ट्रॉबेरीचं रान. सारखं तेच पीक घेऊन माती थकली, म्हणून एका पट्ट्यात आम्ही लाल क्लोव्हर, लसूणघासाच्या जातीचं एक पीक, पेरलं. बी दिलं वनस्पतींचा चहा विकणाऱ्या राजेश्वरीताईंनी. थोडी फुलं खुडून त्यांना द्यायची आणि बाकीचं पीक फुलावर असतानाच खत म्हणून मातीत गाडायचं, तागासारखं. पाळी जायला लागलेल्या, अंगातून वाफा निघणाऱ्या बायका या फुलांचा चहा घेतात म्हणे. मी हसून म्हटलं, मग पाजा म्हाताऱ्यांना. मला चव्वेचाळिसावं लागलं होतं, पण माझी जीभ कुठं ऐकते!

क्लोव्हर फुलावर आलं आणि माझी पाळी चुकली. पुढच्या महिन्यातही चुकली. लग्नाला वीस वर्षं उलटलेली, कूस रिकामी. अंगात उष्णता उसळायची, झोप उडायची, आणि मी वेडी मनातल्या मनात टोपडी शिवत बसायची. आमच्या मालकांना, राजारामांना, सांगितलं. ते सरळ म्हसवडला जाऊन सिद्धनाथापुढं नारळ ठेवून आले.

शेजारचा बिरदेव पॉवर टिलर घेऊन आला, तर यांनी त्याला बांधावरूनच माघारी धाडलं. आमच्या घरात पोटुशी बाई असली की फुलावरचं पीक गाडत नाहीत. बिरदेव वैतागला. बी धरलं तर पुढं तण होऊन बसेल म्हणाला.

"बसंना का," मालक म्हणाले. "औंदा गाडायचं न्हाई."

मी रोज बांधावर जाऊन त्याच्याशी बोलायची. त्याच्याशी म्हणजे पोटातल्याशी. नावही ठरवलं होतं. ते मी कुणाला सांगणार नाही.

मग हौसेनं एकटीच दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. मूल नव्हतं. पाळीच जायला लागली होती, या वयात जाते तशी.

घरी आले तर मालक दारातच उभे. काय सांगायचं ते वाटभर जुळवलं होतं, तोंडातून निघालं भलतंच.

"आवं, ते क्लोव्हर गाडून टाका."

त्यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. मग "बरं" म्हणाले आणि बिरदेवाला सांगायला गेले.

सकाळी टिलर लागला. पहिल्याच फेरीत लालगुलाबी गोंडे मातीखाली गेले. माझा जीव तुटत होता. थांबा, म्हणून ओरडावंसं वाटलं. पण थांबवायला आता माझ्याकडं कारण नव्हतं.